अख्खी काडी

“कांदा नको, लसूण नको, वांगं नको, वर जेवताना बोलायचंबी नाही. मग जेवतीस तरी कशाला गं बाई?”

हौसाबाईंचं माझ्याशी हे तिसरंच बोलणं. पहिलं होतं, “कोण?” आणि माझं नाव ऐकल्यावर दुसरं, “वाटलंच.” त्या परात काढायला लागल्या तसे मी घाईनं माझे नेम सांगितले होते.

मी म्हटलं, “चातुर्मासाचा नेम आहे, बाई. पहिला घास घेतल्यापासून हात धुईपर्यंत बोलायचं नाही. दर वर्षी धरते. तुम्ही जेवणाचं काही करू नका. मला दोनच शब्द बोलायचेत, मग तीनची एसटी पकडायचीय.”

“तीनची यष्टी साडेचारला येती,” त्या म्हणाल्या. “आणि उंबऱ्याच्या आत आलेलं माणूस माझ्याकडनं उपाशी जात नाही. मग ते कोणी का असंना.”

शेवटचं त्या चुलीकडे तोंड करून म्हणाल्या.

ही गोष्ट अठ्ठावीस वर्षांपूर्वीची. दसरा होऊन चार दिवस झाले होते. अंगणात बाजरीची कणसं वाळत घातलेली, दारात शेळी बांधलेली, आणि घरात ही एकटी बाई. हौसाबाई म्हणजे शालनच्या वडिलांची पहिली बायको. शालन माझी मुलगी. त्या दिवसापर्यंत मी हौसाबाईंना कधी पाहिलं नव्हतं. माझ्या लग्नाआधी पाच वर्षं त्यांची काडीमोड झाली, एवढंच ठाऊक होतं. घरात त्यांचं नाव निघत नसे. मीही कधी काढलं नाही.

बसल्या बसल्या पहिली गोष्ट पाहिली ती त्यांचं कपाळ. मोकळं होतं. हातात बांगडी नव्हती. माझंही तसंच. शालनचे वडील ज्येष्ठात गेले होते. सोडलेल्या बाईला ज्या माणसाशी काही घेणंदेणं उरलं नाही, त्याच्यासाठी तिनं बांगड्या का फोडाव्यात, हा प्रश्न मला तेव्हाच पडायला हवा होता. नाही पडला. मी माझ्याच ओझ्याखाली होते.

शालनचे वडील सरकारी कार्यालयात शिपाई. टपाल घेऊन निघाले आणि सायकलवरून पडले ते उठलेच नाहीत. तेरावं झाल्यावर साहेबांनी निरोप पाठवला, मुलगी शिकलेली आहे, वडिलांच्या जागी घेता येईल. मला देवच पावला असं वाटलं. शालन चोवीस वर्षांची. लहानपणी तापात एक पाय गेला होता, लंगडत चालायची. स्थळं यायची, चहा प्यायची, आणि तिनं कपबश्या उचलून आत नेल्या की उठून जायची. टायपिंगच्या दोन परीक्षा झालेल्या होत्या. त्या एका खुर्चीवर तिचं सगळं आयुष्य टेकायचं होतं.

आणि मग कार्यालयाच्या कपाटातून त्यांचं नोकरीचं पुस्तक निघालं. पहिल्या पानावर, पत्नीचे नाव: सौ. हौसाबाई. ते नोकरीला लागले तेव्हा लिहिलेलं, नंतर कधी बदललं नाही.

साहेब वाईट नव्हते. मला खुर्ची द्यायला सांगितली आणि म्हणाले, “बाई, आमच्या नियमात कायदेशीर पत्नी बसते आणि तिची मुलं बसतात. तुम्ही कोण हे मला ठाऊक आहे. कागदाला ठाऊक नाही. कोर्टातून वारस दाखला आणा.”

मुथा वकिलांनी अर्ज लिहिला. पेनच्या टोपणानं कान खाजवत त्यांनी मला समजावलं.

“तुमच्या समाजात काडीमोडीची चाल आहे ना?”

“आहे. पाच पंचांसमोर नवरा-बायको गवताच्या काडीची दोन टोकं धरतात. मोडली की संपलं. मग दोघंही मोकळी.”

“ती चाल कोर्ट मानतं. पण झाली होती, हे दाखवायला लागतं. पंच कुठायत?”

“पाचही गेले.”

“मग राहिली ती बाई. तिला नोटीस गेलीय. गुरुवारी येऊन ती मोडली म्हणाली, तर तुमचं लग्न खरं. नाही म्हणाली, तर...”

“तर?”

“तर तुम्ही लग्न केलंत, पण ते झालं नाही.”

मी विचारलं, “आणि शालन?”

“मुलगी त्यांचीच, हे कोर्ट नाकारणार नाही. पण नोकरी द्यायची ती खात्याला. त्यांचा नियम म्हणतो पहिल्या बायकोची मुलं. म्हणून म्हणतो, एकदा त्या बाईंना भेटून या. गोड बोला. खरं तेच सांगायचंय त्यांना, त्यात काय एवढं?”

खरं तेच सांगायचंय, हे धरूनच मी निघाले होते. त्या चातुर्मासात मौनाच्या जोडीला आणखी एक नेम होता, खोटं बोलायचं नाही. लोकांना हसू येईल, पण ज्या बाईला बारा महिने खरं बोलणं जमत नाही तिनं चार महिने तरी बोलावं, असं माझी आई म्हणायची.

हौसाबाईंनी ताट पुढे ठेवलं. बाजरीची भाकरी कुस्करून त्यावर दूध, कडेला गुळाचा खडा. “ह्यात तर काय कांदा नाही ना? बघ बाई, न्याहाळून बघ.”

“अक्का, आधी मी काय म्हणते ते...”

“आधी जेव.”

मी चित्रावती घातली, हात जोडले, पहिला घास घेतला. हौसाबाई माझ्यासमोर भिंतीला टेकून बसल्या, गुडघे पोटाशी घेऊन.

“हां,” त्या म्हणाल्या. “आता तू गप. आता मी बोलते. तेहेतीस वर्षं कुणी गप बसून माझं ऐकलं नाही.”

मी मान हलवली.

“कशाला आलीस ते मला म्हाईत हाय. नोटीस आली तवा शाळेतल्या बाईकडनं वाचून घेतली. काडीमोड झाली का नाही ते सांगायला या म्हणत्यात. दोनदा वाचायला लावली. म्हटलं, अगं हौसे, सरकार सोताहून इचारतंय, तू कोण? आजवर कुणी इचारलं न्हवतं.” त्या हसल्या. “तुला काय सांगितलंय? मोडली?”

मी मान हलवली.

“तुझ्या बापालाबी तेच सांगितलं असंल. गावाला तेच म्हाईत हाय. माझा बाप मरंस्तवर तेच धरून बसला. आता ऐक. सहा वर्षं झाली, माझ्या पोटी काही नाही. सासूनं पंच बोलावले. अंगणात घोंगडं टाकलं, गूळ-पाणी झालं. एका पंचानं छपराची काडी उपसली. एक टोक माझ्या हातात, एक त्याच्या. मोडा म्हणाले. म्या त्याच्याकडं बघितलं. त्याच्या डोळ्यांत पाणी. टोक सोडलं त्यानं आणि उठून गोठ्याकडं गेला. पंचांना वाटलं झालं. त्यांना घाई, बाजाराचा दिवस. माझा बाप खाली मान घालून बसलेला, त्यानं काय बघितलं न्हाई. सगळे उठले. काडी माझ्या हातात, अख्खी.”

मी घास घेतला. दुधानं लोटला.

“त्याला म्हाईत व्हतं आणि मला म्हाईत व्हतं. बाकी कुणाला न्हाई.”

त्याला माहीत होतं. अठ्ठावीस वर्षं एका छपराखाली राहिलेल्या माणसाला माहीत होतं. मी सत्तावीस वटपौर्णिमा उपाशी काढल्या. दर वर्षी ते संध्याकाळी विचारायचे, “सोडलास का उपास?” आणि मी सोडला म्हटल्याशिवाय जेवायचे नाहीत. मला वाटायचं, माया.

“काडीचं काय झालं म्हणशील,” हौसाबाई म्हणाल्या. “सांजच्याला चुलीत घातली. काडीच ती. तिला काय देव्हाऱ्यात ठेवायची? पण मोडली न्हाई ती न्हाई. म्हणून मी दुसरा पाट लावला न्हाई. दोन जण आले व्हते मागणी घालायला. एक तर बरा व्हता, त्याची मोट व्हती. बाप म्हणाला, मोकळी हायस, जा. म्या म्हटलं, न्हाई जात. कारण सांगितलं न्हाई. काय सांगू? दर वटाला सूत गुंडाळत ऱ्हायले. तिकडं तू सात जन्म मागतीस, हिकडं मी मागते, त्याच एका माणसासाठी. वडाचं काय झालं असंल, बिचाऱ्याचं!”

शेळी ओरडली. त्या उठल्या, तिच्यापुढे चारा टाकला, परत येऊन तशाच बसल्या.

“गेला तेबी बाजारात कळलं. बांगड्यावाल्यानं सांगितलं, म्हणला हौसाबाई, तुमचे ते गेले. घरी आले, दार लावलं, बांगड्या फोडल्या. शेजारीण म्हणाली, अगं सोडलेल्याचं कशाला करतीस? म्या म्हटलं, माझी हौस. नावच तसं हाय.”

त्यांनी पदरानं तोंड पुसलं.

“पोरगी लंगडती म्हणं?”

मी मान हलवली.

“नोकरी ह्या दाखल्यावरच हाय?”

मी मान हलवली.

“नोटीस आल्यापास्नं मी ठरवलं व्हतं बघ. जायचं आणि सांगायचं, काडी अख्खी व्हती. एकदा तरी कागदावर यावं, म्हणून. पर तू दारात उभी ऱ्हायलीस, कपाळ असं घेऊन, आणि मला एकदम कंटाळा आला. तुझा न्हाई. ह्या राखणीचा. एका काडीला किती वर्षं राखण बसायचं माणसानं?”

त्या पुढे सरकल्या. आवाज खाली आला.

“ऐक, गोदावरी. गुरवारी मी येते आणि मोडली म्हणून सांगते. देवाची शपथ घालत्यात न्हवं? घालू दे. माझं मी बघंन. पर तू नेमाधर्माची बाई. उद्या म्हणशील, हौसाबाई खोटं बोलली आणि मला त्यात ओढलं. तसं नको. तुला ते चालत नसंल, तर आत्ता सांग. म्हण, खरं ते सांगा. मी खरं सांगंन, राग धरणार न्हाई. बोलायचं नसंल तर मान हलव. मगापास्नं हलवतीसच.”

मी ताटाकडे बघत राहिले.

चुलीतलं लाकूड सरकून खाली पडलं. अंगणात कोंबड्या बाजरीवर आल्या, हौसाबाईंनी जागेवरूनच त्यांना हाकललं. मग पुन्हा माझ्याकडे बघत बसल्या. किती वेळ, सांगता येणार नाही. मी मान वर केली नाही आणि हलवलीही नाही.

“बरं,” त्या म्हणाल्या, आणि पाण्याचा तांब्या पुढे केला.

मी हात धुतले. दूध बोटांवर वाळलं होतं, चोळून काढावं लागलं. तोंड पुसलं. नेम सुटला.

“एसटी किती वाजता म्हणालात, अक्का?”

“साडेचार,” त्या म्हणाल्या.

गुरुवारी कोर्टाच्या आवारात मी त्यांना ओळखलंच नाही. रुपयाएवढं कुंकू, दोन्ही हातांत हिरव्या बांगड्या, अंजिरी लुगडं. पायरीवर बसून शेंगा खात होत्या. शालननं माझा दंड धरला. “ह्याच का गं?”

तिला मी काही सांगितलं नव्हतं. काडीमोड झालेली पहिली बायको साक्ष द्यायला येणार, एवढंच.

हौसाबाईंनी तिला पायापासून वरपर्यंत पाहिलं. पायाशी नजर थांबली नाही, याबद्दल मी त्यांची आजन्म ऋणी आहे. म्हणाल्या, “नाक त्याचंच घेतलंस की गं. दुसरं काय चांगलं न्हवतं का घ्यायला?”

शालन हसली. ज्येष्ठापासून पहिल्यांदा हसली.

आधी माझी साक्ष झाली. शपथ घेतली. कारकुनानं विचारलं, “मयताचं नाव?”

माझी जीभ उचलेना. आमच्या वेळच्या बायका नवऱ्याचं नाव तोंडानं घेत नसत, तो जिवंत असो वा नसो. मी आजही घेत नाही आणि इथे लिहीतही नाही. जज्जसाहेब म्हणाले, “बाई, उखाणा नको आहे, नुसतं नाव सांगा.” मागे कोणीतरी हसलं. मी खाली बघत राहिले. शेवटी शालननं उठून नाव सांगितलं आणि साहेबांनी हातानंच चालेल म्हटलं.

मुथा वकिलांनी विचारलं, “लग्नाआधी काडीमोड झाल्याचं तुम्हाला कोणी सांगितलं?”

“त्यांनीच. माझ्या वडिलांना सांगितलं, माझ्यासमोर.”

“तुमचा त्यावर विश्वास होता?”

“होता.”

“लग्न कसं झालं?”

“देवळात. सप्तपदी झाली. दीडशे पान उठलं.”

संपलं. एक अक्षर खोटं नव्हतं. मी जागेवर येऊन बसले आणि मनात देवाचं नाव घेतलं.

मग हौसाबाई उभ्या राहिल्या.

“पतीचं नाव?”

“नवरा नाही मला, सायेब.”

“पूर्वीच्या पतीचं?”

हौसाबाईंनी नाव घेतलं. आधी त्यांचं, मग त्यांच्या वडिलांचं, मग आडनाव. खणखणीत आवाजात, रेशनच्या दुकानात दुसऱ्याच्या नावाचा पुकारा करावा तसं. अडखळल्या नाहीत, लाजल्या नाहीत, पदर सावरला नाही. दारातला म्हातारा पट्टेवाला मान वर करून बघू लागला. जज्जसाहेबांचं पेन थांबलं. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि एकदा त्यांच्याकडे. मला वाटतं निकाल तिथंच झाला. पुढचं सगळं नुसतं लिहायचं म्हणून.

“काडीमोड झाली होती?”

“झाली व्हती.”

“काडी कोणी मोडली?”

“दोघांनी. कट्कन आवाज आला.”

“मयताच्या निधनाचं सुतक पाळलंत?”

हौसाबाईंनी कुंकवाला बोट लावलं. “परक्या माणसाचं सुतक मी कशाला पाळू, सायेब?”

जज्जसाहेब मजकूर सांगत गेले, टंकलेखक बडवत गेला. हौसाबाईंनी कागदावर अंगठा उठवला आणि पदराला पुसला.

दाखला महिनाभरानं हाती आला. त्यावर माझ्या नावापुढे पत्नी असं लिहिलं होतं. मी तो देवासमोर ठेवला आणि संध्याकाळी परत उचलून पेटीत घातला. शालन नोकरीला लागली. आता ती त्याच कार्यालयात हेडक्लार्क आहे, चार माणसं तिच्या हाताखाली आहेत. बाकीचे नेम माझे अजून चालू आहेत. तुळशीपुढचा दिवा चुकत नाही, सोमवार आहे, पोथीचा एक अध्याय रोज होतो. जेवतानाचं मौन तेवढं सुटलं. शालन विचारते, का गं सोडलंस? मी म्हणते, वय झालं.

पण सांगायचं राहिलं ते त्याच दुपारचं.

कोर्टाच्या मागे पाण्याचा नळ होता. हौसाबाई तिथे वाकून कपाळ धूत होत्या. कुंकू लवकर निघेना, लुगड्याच्या सोग्यानं घासलं. मग बांगड्या एकेक करून काढल्या आणि रुमालात बांधल्या.

“शेजारणीच्या हायत,” त्या म्हणाल्या. “मोजून दिल्यात तिनं. फुटली तर बोंबलंल.”

मी म्हटलं, “अक्का...”

“लगीन लागल्यापास्नं आज पहिल्यांदा नाव घेतलं बघ त्याचं,” त्या म्हणाल्या. “किती सोपं असतंय. उगीच घाबरत व्हते.” त्यांच्या कपाळावर घासल्याचा लाल डाग उठला होता. त्या एकदम म्हाताऱ्या दिसायला लागल्या. “आता घरी गेल्यावर काय करू? हातात बांगडी परत घालू का नको? कोण हाय मी आता? तुझ्या वकिलाला इचारून ठेव.”

त्यांनी ते हसण्यावारी नेलं. मी हसले नाही.

आम्ही त्यांना स्टँडवर सोडायला गेलो. गाडीला गर्दी नव्हती. खिडकीजवळची जागा मिळाली त्यांना. शालन शेंगा आणायला जरा पुढे गेली होती. कंडक्टरनं घंटी दिली तशी हौसाबाईंनी खिडकीतून हात बाहेर काढून माझ्या हातावर ठेवला. खरखरीत, गार.

“गोदे, त्या दिवशी चुकलंच माझं,” त्या म्हणाल्या. “बोलण्याच्या नादात ऱ्हायलं. आणखी अर्धी भाकरी वाढायला पायजे व्हती. ताट कधीच रिकामं झालं व्हतं तुझं.”

टोमणा नव्हता. पाहुणीला पोटभर वाढलं नाही म्हणून घरधनीण हळहळते, तसंच म्हणाल्या. माझ्या हातावर दोनदा थोपटलं आणि हात आत घेतला. गाडी निघाली. त्या पुढे बघत होत्या.

शालन शेंगांची पुडी घेऊन लंगडत आली. गाडी फाटकातून बाहेर पडताना दिसत होती.

“काय म्हणत होत्या गं, आई?”

“काही नाही,” मी म्हटलं. “पुन्हा कधीतरी जेवायला ये म्हणाल्या.”

कार्तिकी एकादशीला अजून पंचवीस दिवस होते.